सीएसआरमुळे कर्मचारी खरंच कंपनीशी जोडले जातात का? (नागपूरकरांचे अनुभव हवेत)

मृदगंध_नागपूर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी एचआर बघते. कंपनीचं नाव देणार नाही, कृपया विचारू नका. कायम आणि कंत्राटी मिळून चारशेच्या वर लोक आहेत. सीएसआरचे, म्हणजे नफ्यातून समाजकार्यासाठी काढायचे दोन टक्के, आमचे साधारण चाळीस लाख होतात. आजवर पद्धत अशी की दोन-तीन संस्थांना चेक द्यायचे, पावसाळ्यात वृक्षारोपण, प्रजासत्ताक दिनाला वह्यावाटप. अहवालात फोटो लागले की विषय संपला.

यंदा कर्मचाऱ्यांचा सर्व्हे घेतला आणि निकाल बघून साहेबांचा चेहरा उतरला. पगार, कँटीन, बस याबद्दल तक्रारी असतात, त्या अपेक्षितच होत्या. पण "कंपनी आसपासच्या समाजासाठी काही करते का?" या प्रश्नाला शॉपफ्लोअरवरच्या बहुतेकांनी "माहीत नाही" असं उत्तर दिलं. चाळीस लाख खर्चून घरच्याच माणसांना पत्ता नाही! त्यातच साहेब मुंबईला कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या फर्मान निघालं: सीएसआर आणि एम्प्लॉयी एंगेजमेंट (म्हणजे कर्मचाऱ्यांचं कंपनीशी असलेलं नातं) जोडा, पंधरा ऑगस्टच्या आत प्लॅन टेबलावर हवा.

माझा प्रश्न सरळ आहे. असं खरंच होतं का? कंपनीच्या सामाजिक कामात भाग घेतल्यामुळे तुम्हाला स्वतःला नोकरीबद्दल काही वेगळं वाटलं का? की तो आणखी एक रविवार वाया जाण्याचा प्रकार असतो? खरं लिहा. इथे कोणी माझ्या साहेबांचा आयडी नाही (बहुतेक).

तर्रीपोहे

पहिले हे सांगा, वृक्षारोपणाचा खड्डा दरवर्षी नवा खणता का तोच वापरता? आमच्या जुन्या कंपनीत खड्डा तोच, झाड नवं, अन् साहेब नवे. माळी बिचारा आदल्या दिवशी खड्डा मोकळा करून ठेवे. एका वर्षी मागल्या वर्षीची पाटी काढायची राहून गेली, तर फोटोत एका रोपट्याले दोन पाट्या. तोच फोटो वार्षिक अहवालात छापून आला बाप्पा.

मिहानकर

खुर्ची ओढून बसतो, कारण यावर बोलायला भरपूर आहे.

मिहानमध्ये आयटीत आहे. आमच्याकडे दर तिमाहीला "व्हॉलंटियरिंग डे" असतो. ऐच्छिक. म्हणजे मॅनेजर एक्सेल शीट पाठवतो, त्यात आपलं नाव आधीच भरलेलं असतं, आणि "येणार नसल्यास कारण लिहा" असा रकाना असतो.

एकदा वर्धा रोडच्या पलीकडच्या एका शाळेत गेलो. मुलांना दहा वाजल्यापासून मैदानात बसवून ठेवलं होतं. आमची बस पोचली साडेअकराला, कारण वाटेत नाश्त्याला थांबलो. मग बॅनर लावायला वेळ लागला, मग बॅनरवरचा लोगो उलट्या बाजूला येतोय म्हणून तो पुन्हा सोडून बांधला. ऊन एवढं की पुढच्या रांगेतली पोरं वह्या डोक्यावर धरून बसली होती. आम्हीच दिलेल्या वह्या. भाषण झालं, फोटो झाला. एका मुलीला तीन वेगवेगळ्या साहेबांनी तीनदा तीच वही दिली, कारण ती कॅमेऱ्यात छान हसत होती.

परतीच्या बसमध्ये कोणी बोलत नव्हतं. संध्याकाळी ग्रुपवर मेल आला: "व्हॉट ॲन एंगेजिंग डे, टीम!" त्या दिवशी माझं कंपनीशी असलेलं नातं कमीच झालं, वाढलं नाही. तेव्हा "होतं का?" या प्रश्नाचं माझं उत्तर: होतं, पण दोन्ही दिशांनी होतं. वाईट केलंत तर काहीच न करण्यापेक्षा वाईट.

रविवार_माझाच

मिहानकर, +१०००.

आणि मृदगंधताई, राग मानू नका, पण माणूस नोकरीला पगारासाठी जातो. पगारवाढ वेळेवर द्या, सुट्टी मागितली की कपाळावर आठ्या आणू नका, कंत्राटदाराकडून पीएफ वेळेवर भरून घ्या. एवढं केलंत की लोक आपोआप एंगेज होतात. समाजसेवा करायची तर मी माझ्या गल्लीत गणपतीत करतोच आहे, त्यासाठी कंपनीचा टी-शर्ट कशाला?

दोन_टक्के

पेशाने कंपनी सेक्रेटरी आहे, त्यामुळे आधी कायद्याची बाजू मांडतो. ती माहीत नसल्यामुळे एचआरचे प्लॅन नंतर ऑडिटमध्ये आपटतात.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही गाठलं की कंपनी कक्षेत आली. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. तुमची रक्कम ५० लाखांच्या आत आहे, म्हणजे वेगळी सीएसआर समिती नेमणं बंधनकारक नाही, ते काम संचालक मंडळच करू शकतं.

आता तुमच्या प्रश्नाला भिडणारा मुद्दा. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. मार्केटिंगसाठी दिलेली स्पॉन्सरशिप नाही. एखाद्या दिवसाची मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा असले सुटे कार्यक्रमही धरायचे नाहीत, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलंय. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा. म्हणजे कर्मचाऱ्यांचे टी-शर्ट, बस, रिसॉर्टवरचं जेवण "एंगेजमेंट" म्हणून या चाळीस लाखांत बसवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. तो खर्च कंपनीच्या नेहमीच्या खिशातून करायचा.

आणि गंमत बघा. कर्मचाऱ्यांना सामील करून घ्या, त्यातून अभिमान आणि आवड निर्माण होते, असं मंत्रालयाच्याच २०१६ च्या प्रश्नोत्तरांत म्हटलंय. पण त्याच उत्तरात पुढे असंही आहे की त्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येणार नाही. थोडक्यात, लोकांचा वेळ कंपनीला स्वतःच्या पदरचा द्यावा लागतो. बहुतेक कंपन्या इथेच मागे हटतात आणि रविवार निवडतात.

रविवार_माझाच

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कोणीतरी.

कावेरी_त्रिमूर्तीनगर

रविवारबद्दल बायकांच्या बाजूने एक. आठवडाभर नोकरी, रविवारी साचलेली कामं, मुलांचे क्लास, सासूबाईंची औषधं. त्यात सकाळी सातला "फन वॉक फॉर अ कॉज" म्हणून फुटाळा तलावावर बोलावतात. नाही गेलं की "मॅडम टीममध्ये मिसळत नाहीत". कामाच्या वेळेत ठेवा, जाईन, आनंदाने जाईन.

तर्रीपोहे

फुटाळ्यावर वॉक म्हणजे वॉक कमी अन् भुट्टे जास्त. कॉज कोणता ते भुट्टेवाल्याले विचारा.

जुनी_मिल

नवीन काहीतरी शोधून काढल्यासारखं सगळे बोलताहेत, म्हणून जरा मागे नेतो. नागपुरात हा विचार दीडशे वर्षं जुना आहे.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं, म्हणून एम्प्रेस. मिल सुरू तर झाली, पण माणसं टिकेनात. शेतीचा हंगाम आला की गावी, लग्नसराई आली की गावी, हातात चार पैसे आले की दोन दिवस दांडी. जमशेटजी आणि त्यांचे मॅनेजर बेझनजी मेहता यांनी दंड वाढवत बसण्याऐवजी उलटा रस्ता धरला. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड. देशात या गोष्टींचे कायदे व्हायच्या कितीतरी आधी. शिवाय खेळांचे दिवस, बक्षिसं, कुटुंबांना बोलावून समारंभ.

माझे आजोबा तिथे साच्यावर होते, बऱ्याच नंतरच्या काळात. घरी कोणी पाहुणा आला की "मी एम्प्रेसचा" अशी ओळख सांगत, आडनाव मागाहून. आता तिथे मॉल आहे, माझी नात तिथे पिझ्झा खाते.

दोन_टक्के

जुनी_मिल, सुंदर माहिती. फक्त आजच्या कायद्यात यातला एक रुपयाही सीएसआर ठरणार नाही. तो सगळा कर्मचारी कल्याणाचा खर्च.

जुनी_मिल

मान्य. पण रविवार_माझाच म्हणतात त्याचंच हे उदाहरण नाही का? आधी घरच्यांना नीट वागवा, मग बाहेरच्यांचं बघा. ज्या कारखान्यात ओव्हरटाइम बुडवतात तिथल्या माणसाला शाळा रंगवायला लावलं तर तो ब्रश हातात धरून मनात काय म्हणत असेल?

तर्रीपोहे

ते मनात काय म्हणते ते इथं लिहिलं तर ॲडमिन आयडी उडवते.

भिवापुरी_गुरुजी

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. भिवापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक. तुमचं सीएसआर आमच्याकडे येतं.

येतं कधी? फेब्रुवारी-मार्चमध्ये. वर्षभर कोणी फिरकत नाही आणि मार्चमध्ये एका आठवड्यात तीन कंपन्या. एकीने पाण्याचं आरओ मशीन दिलं, दुसरीनेही आरओच दिलं. खोल्या गळतात हे दोघींनाही सांगितलं होतं. पण गळक्या छताचा फोटो चांगला येत नाही, आरओसमोर रिबीन कापता येते.

त्यातलं एक मशीन वर्षाच्या आत बंद पडलं. त्यावरच्या स्टिकरवरचा नंबर उन्हाने उडालेला. संस्थेला फोन केला तर "प्रोजेक्ट क्लोज झाला सर". पोरं पुन्हा हातपंपावर.

आता चांगलं सांगतो, कारण नुसती कुरकूर करायला आलो नाही. त्यानंतर आलेल्या एका कंपनीच्या लोकांबरोबर त्यांच्या मेंटेनन्सचा एक फिटर आला होता. बाकी मंडळी मुलांबरोबर चित्रं काढत होती, हा गडी मशीनसमोर उकिडवा बसला. झाकण काढलं. म्हणाला, "गुरुजी, कँडल पूर्ण चोक झाली आहे, अन् तुमच्या इथं व्होल्टेज खालीवर होते त्यात अडॅप्टर जळला. मशीन चांगली आहे." नंतर तो सामान घेऊन स्वतःच्या मोटरसायकलवर आला. कँडल बदलली, अडॅप्टर बदलला, मशीनला स्टॅबिलायझर लावला. वाया जाणारं पाणी भिंतीत मुरून ओल आली होती, ती नळी फिरवून संडासच्या टाकीत सोडली. सातवीच्या दोन पोरांना कँडल कशी काढून धुवायची ते शिकवलं आणि भिंतीवर खडूने तारीख लिहून ठेवली. आजही फोन करतो, "गुरुजी, पाणी कसं काय?" दिवाळीला बायको-पोरांना घेऊन शाळा दाखवायला आला होता.

त्याच्या कंपनीत एंगेजमेंटचा सर्व्हे झाला असेल तर या माणसाने काय लिहिलं असेल, एवढं मला जाणून घ्यायचंय. कारण कंपनीने त्याला मशीन दुरुस्त करायला पाठवलंच नव्हतं. चित्रं काढायला पाठवलं होतं.

मिहानकर

गुरुजी, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. मला आता समजतंय त्या वह्यांच्या दिवशी काय खटकलं होतं. आमच्यातला कोणीही वही वाटू शकतो. आम्ही ज्यात हुशार आहोत त्यातलं कोणी काही मागितलंच नाही. त्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीला कुलूप होतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बसभर सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि एकानेही किल्ली मागितली नाही.

आकडेमोड

थोडं संशोधन टाकतो, चर्चा नुसत्या अनुभवांवर नको.

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा अभ्यास २०२४ मध्ये इंडस्ट्रियल रिलेशन्स जर्नलमध्ये आला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. माइंडफुलनेसचे वर्ग, ताण सोसायचं प्रशिक्षण, झोपेची आणि मनःस्वास्थ्याची ॲप्स, असं काय काय कंपन्या देतात, त्यात भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली. जवळपास कशानेच फरक दिसला नाही. अपवाद एक: स्वयंसेवी कामाची संधी.

पण लगेच ढोल वाजवू नका. एक, फरक छोटा आहे. दोन, जी माणसं मुळात समाधानी असतात तीच स्वयंसेवेला पुढे येत असतील, ही शक्यता अशा अभ्यासात पूर्ण पुसता येत नाही. तीन, हा अभ्यास माणसाच्या मनःस्वास्थ्याचा आहे, कंपनीवरच्या निष्ठेचा नाही. आणि चार, तो संधीबद्दल आहे. मिहानकरांच्या एक्सेल शीटबद्दल नाही.

रविवार_माझाच

म्हणजे ऑक्सफर्डलाही शेवटी "पगार वाढवा" हेच म्हणायचंय ना?

आकडेमोड

फ्लेमिंग यांचा रोख तिकडेच आहे, हो. माणसाला ॲप देण्यापेक्षा कामाची परिस्थिती बदला, असा.

रविवार_माझाच

माझं काम झालं. निघतो. (निघत नाही.)

सावजीप्रेमी

बरं, हा धागा वाचता वाचता रात्रीचे अकरा वाजले, आता सीएसआर डेला जेवण काय असतं ते कोणी लिहीतच नाही. आमच्याकडे पनीर. नागपुरात राहून पनीर.

कावेरी_त्रिमूर्तीनगर

धाग्याचं सावजी करू नका. :)

तर्रीपोहे

पुढल्या तान्ह्या पोळ्याले मारबतीच्या मिरवणुकीत एक बडग्या (पुतळा) "सीएसआर फोटोसेशन"चा काढू. आरडत जाऊ, "घेऊन जा गे मारबत, बॅनर, रिबीन, टी-शर्ट घेऊन जा गे मारबत!"

पहिली_पाळी

मी इथं वाचतो नुसता, लिहीत नाई. पण ह्या गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाई.

मी कंत्राटी आहो. नाव कंत्राटी, काम तेच, मशीन तेच. आमच्या कंपनीनं मागे एका गावची शाळा रंगवली. ते गाव माझं. ते शाळा माझ्या पोरीची. ऑफिसातले लोक बसनं आले, निळे टी-शर्ट घालून. आम्हाले कोणी विचारलंच नाई, कारण लिस्ट फक्त परमनंटची. त्या दिवशी मी पहिल्या पाळीत होतो. तीन वाजता घरी आलो तं पोरगी म्हणे, बाबा, तुमच्या कंपनीचे लोक आले होते, मॅडमनं सांगितलं. तुम्ही काहून नाई आले?

काय सांगाव तिले?

मले टी-शर्ट नाई पाहिजे. पण विचारलं असतं तं मी सांगितलं असतं की रंग नको, मागच्या बाजूची कंपाउंडची भिंत पडली आहे, तिथून ढोरं आत येतात. अन् ते भिंत आम्ही पाच-सहा जण मिळून बांधली असती. गावात गवंडी आहेत, कंपनीत पण आहेत.

मृदगंध_नागपूर

पहिली_पाळी दादा, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या याद्याही फक्त कायम लोकांच्याच असतात, तशीच पडलेली पद्धत आहे. दोन_टक्के, कंत्राटी लोकांना सामील करण्यात कायद्याची काही आडकाठी आहे का? आणि त्यांच्याच गावात काम केलं तर "कर्मचाऱ्यांचा फायदा" म्हणून बोट दाखवतील का?

दोन_टक्के

सामील करायला आडकाठी नाही. फक्त ते त्या दिवशी कामावर आहेत असं धरून हजेरी आणि मजुरी द्या, नाहीतर तो समाजसेवेच्या नावाने फुकटचा ओव्हरटाइम होईल. विमा आणि सुरक्षितता याबद्दल कंत्राटदाराशी आधीच लेखी बोला. कंपाउंडची भिंत बांधताना कोणी पडलं तर "ऐच्छिक होतं" म्हणून सुटता येणार नाही.

गावाचं म्हणाल तर, कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कलम १३५ मध्येच आहे. काम संपूर्ण गावासाठी किंवा शाळेसाठी असेल आणि त्यात एखाद्या कर्मचाऱ्याचं मूल शिकत असेल, तर हरकत नाही. फक्त कर्मचाऱ्यांच्याच मुलांसाठी काही केलंत की ते बाहेर पडतं.

गुरुजींसाठीही एक गोष्ट. मार्चची ही धावाधाव कायद्याने लादलेली नाही. काम अनेक वर्षांचं आहे असं संचालक मंडळाने ठरवलं, तर उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या "अनस्पेंट सीएसआर" खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्च करायची. तशी तरतूद २०२१ पासून लागू आहे. चालू प्रकल्प नसेल तर मात्र ती रक्कम वर्षअखेरीनंतर सहा महिन्यांत कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या एखाद्या सरकारी निधीत जाते. त्या भीतीने लोक मार्चमध्ये आरओ विकत घेतात. एकच शाळा तीन वर्षं धरायची असं जूनमध्ये ठरवलंत की भीती संपली.

संस्थेमार्फत करणार असाल तर तिची सीएसआर-१ (मंत्रालयाकडची) नोंदणी तपासा, १ एप्रिल २०२१ पासून ती लागतेच. नाहीतर कंपनी स्वतः थेट काम करू शकते. तुमच्या आकाराच्या कंपनीला तेच बरं, कारण मग तुमचीच माणसं कामाला लागतात.

जुनी_मिल

दोन_टक्के, फी किती झाली?

दोन_टक्के

तर्री पोहे. एक प्लेट.

तर्रीपोहे

मले बोलावलं का?

मृदगंध_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. साहेबांसाठी पहिला मसुदा तयार केलाय, इथे टाकते. फाडा.

वृक्षारोपण आणि वह्या बंद. कारखान्यापासून जवळच्या गावांतली एक शाळा तीन वर्षांसाठी धरायची. कोणती, ते शॉपफ्लोअर ठरवेल. पाळी सुटताना गेटवर पेटी ठेवणार, कंत्राटी लोकांसकट. चिठ्ठीत दोनच गोष्टी लिहायच्या: गाव, आणि तिथे काय मोडलंय. मग मेंटेनन्सचे दोघे आणि मी जाऊन बघून येणार, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलणार. काम कामाच्या वेळेत, पूर्ण पगारी. येणाऱ्यांची यादी अप्रेझलच्या फाइलपासून लांब ठेवायची. उद्घाटन, रिबीन, बॅनर नाही.

सर्व्हे वर्षाने पुन्हा घेऊ, पण हे केल्यामुळे आकडा वाढेल असं मी साहेबांना सांगणार नाही. आकडेमोड यांनी डोळे उघडलेत.

रविवार_माझाच

अप्रेझलवाला मुद्दा लेखी काढणार का? परिपत्रक, सही-शिक्क्यासकट? आणि जे येणार नाहीत त्यांचीही कुठे यादी होणार नाही, हेही त्यातच घाला. तरी मी येणार नाही, पण निदान माझ्याबद्दल कुजबुज होणार नाही.

मृदगंध_नागपूर

घालते. न येण्याचा हक्क हाच पहिला मुद्दा करते, हवं तर.

मिहानकर

बॅनर नाही म्हटलंत तर साहेब मसुदा परत पाठवतील. एक छोटी पाटी द्या त्यांना, भिंतीवर, आणि त्यावर कामाची तारीख अन् देखभाल करणाऱ्याचा फोन नंबर लिहा. ऑइलपेंटने. गुरुजींचं स्टिकर उडालं होतं ना. साहेबही खूश, शाळाही.

भिवापुरी_गुरुजी

मिहानकर, हे झकास. आणि मृदगंधताई, पाहणीला शाळा सुरू असताना या. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे जुलै उत्तम. पाऊस सुरू असतो, कुठे गळतं ते विचारावं लागत नाही, बादल्या ठेवलेल्या असतात. नुसतं मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून चहा पिऊन जाऊ नका. मुलींच्या संडासात नळाला पाणी येतं का ते बघा आणि स्वयंपाकाच्या बाईंना दोन प्रश्न विचारा.

पहिली_पाळी

मॅडम, पेटीत चिठ्ठी टाकाले लोक घाबरतात. अक्षर ओळखू येते म्हणून. अन् काहीजणाले लिहिता पण येत नाई. त्याच्यापेक्षा कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सोता येऊन बसा अन् विचारा. आमच्या बाजूच्या टेबलावर, ऑफिसवाल्या नाई.

मृदगंध_नागपूर

पेटी रद्द, कँटीन नक्की. तुम्ही माझ्याच कंपनीत नाही ना दादा?

पहिली_पाळी

सांगत नाई. :)

दोन_टक्के

एक राहिलं. मेंटेनन्सची दोन माणसं दिवसभर बाहेर पाठवायची तर प्लांट हेडचा होकार आधी घ्या, साहेबांच्या सहीच्याही आधी. सही साहेबांची असते, पण लाइन बंद पडल्यावर ओरडा प्लांट हेड खातो. तो नाही म्हणाला की तुमचा प्लॅन पहिल्याच महिन्यात "पुढच्या शुक्रवारी बघू" वर जाईल.

मृदगंध_नागपूर

आज बोलले त्यांच्याशी. महिन्याचा शेवटचा आठवडा सोडून कधीही न्या म्हणाले, डिस्पॅचची गडबड असते. आणि मग स्वतःच विचारलं, "वेल्डर पण लागेल का? माझ्याकडे एक आहे, कळमेश्वरचा, त्याच्या गावच्या शाळेचं गेट कधीपासून लटकतंय." वेल्डर पण यादीत घेतलाय.